कुलूपबंद घरांचा आराखडा

गावात तीस वर्षांनी किती माणसं असतील, हे मी ठरवलेलं आहे. थट्टा नाही. नगरपालिकेत पाणीपुरवठ्याची अभियंता म्हणून ते माझं कामच होतं. आजची माणसं मोजायची, ती कशी वाढत जातील याचा अंदाज बांधायचा आणि तीस वर्षांनंतरच्या माणसाला सकाळी तोंड धुवायला पाणी पुरेल अशी टाकी आज कागदावर उभी करायची. जी माणसं अजून जन्माला आलेली नाहीत, त्यांच्या आंघोळीची काळजी मी केली. माझ्या स्वतःच्या रविवारच्या दुपारचं काय करायचं, हे मात्र मला कधी ठरवता आलं नाही.

गाव धाराशिव जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात गावाची चूक नव्हती. मी तिथं सहा वर्षं काढली, एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत. मी मूळची तुळजापूरची, मास्तरांची मुलगी. आई-वडील गेले. भाऊ पुण्यात, त्याचा फोन सणासुदीला येतो. लग्न वेळेवर जमलं नाही आणि नंतर मीच विषय बंद केला. नवीन गावात गेलं की पहिल्या आठवड्यात लोक विचारतात, "मॅडम, साहेब कुठं असतात?" मी सांगायची, "अजून मंजुरी आली नाही." पहिल्यांदा कचेरीत सगळे हसले. मग त्यांना उमगलं की साहेब नाहीतच, तेव्हा ते विचारायचे थांबले. त्याबरोबर बाकीचं बोलणंही थांबलं.

माझी जीभ तिखट आहे, हे मला माहीत आहे. आल्या आल्या एका ठेकेदारानं पाइपलाइन जेमतेम वीतभर खोल पुरली होती, ती मी अख्खी गल्ली उकरून परत पुरायला लावली. तेव्हापासून मी आत गेले की कचेरीतला हशा बंद व्हायचा. चहा यायचा, पण माझा कप वेगळा, माझ्या टेबलावर. डबा मी नकाशांच्या कपाटाशेजारी बसून खायची. कुणी वाईट वागत नव्हतं. वाईट वागलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. दारोदार निळी पिंपं, आणि पाणी सुटायच्या दिवशी बायकांना माहेरचं लग्नसुद्धा नको वाटायचं. अशात त्या वर्षी, दिवाळीचे कंदील अजून उतरायचे होते, तेव्हा वरून निरोप आला की नव्या पाणी योजनेसाठी निधी मिळू शकतो. अटी दोन. तीस वर्षांचा आराखडा दीड महिन्यात धाराशिवला पोचला पाहिजे, आणि खर्च ठरलेल्या मर्यादेत बसला पाहिजे. नाहीतर आपला नंबर दुसऱ्या गावाला. आमचे मुख्याधिकारी वयानं माझ्याहून पुष्कळ लहान, भला माणूस, पण सदा फोनवर. त्यांनी फोन बाजूला ठेवून मला सांगितलं, "मॅडम, हे तुम्हीच करू शकता." मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला तेवढं पुरलं.

आराखड्यासाठी घरोघर पाहणी करायची असते. फॉर्मवर प्रत्येक घराला तीन रकाने, तीन भेटींचे. तिन्ही वेळा कुलूप असेल तर शेरा लिहायचा, 'कुलूपबंद, वापरात नाही', आणि ते घर हिशोबातून वजा. गावातली पाहणी बाकीच्यांनी केली. ओढ्यापलीकडे माळावर साठेक घरांची एक वस्ती होती, तिकडं जायला कुणी तयार नव्हतं, कारण रस्ता ओढ्यापाशीच संपतो. मी म्हणाले, मी जाते. मला कुणाला विनंती करायची सवय नाही.

पहिल्यांदा गेले तेव्हा दगडाच्या भिंती, वर पत्रे, आणि दारोदार कुलपं. दुसऱ्यांदा तेच. खरं सांगायचं तर एका दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. मी सगळ्यांना कुलूपच लिहिलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा दुपार टळत आलेली, शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. मी स्कूटी ओढ्याच्या अलीकडे थांबवली. समोर माळावर दारं बंद दिसतच होती. आता एवढं उतरायचं, दगडांवरून जायचं, चढायचं आणि तीच कुलपं परत बघायची. मी स्कूटीवर बसून, मांडीवर पॅड घेऊन तिसरा रकाना भरला, सगळ्या घरांचा. खाली सही केली. ही गोष्ट मी बरेच दिवस कुणाला सांगितली नाही.

माळ वगळला आणि खर्च बरोबर मर्यादेत बसला. उंचावर असल्यामुळं त्या वस्तीला वेगळी टाकी आणि वेगळा पंप लागला असता. तो खर्च गेला. मुख्याधिकाऱ्यांनी पेढे मागवले. "मॅडम, आराखडा बसला!" त्या दिवशी कचेरीत पहिल्यांदा मी आत गेले तरी हशा थांबला नाही. मी दोन पेढे खाल्ले.

आराखडा धाराशिवला जाऊन चार दिवस झाले आणि येळवस आली. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्याकडं गावात माणूस राहत नाही. जो तो शेतात. कडब्याची खोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, आणि ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी आपल्या शेतात नेतंच. ही रीत आहे. आधीची वर्षं मलाही कुणी ना कुणी नेलं होतं. त्या वर्षी प्रत्येकाला वाटलं असणार की दुसऱ्यानं सांगितलंय. सकाळी खाली ट्रॅक्टर भरला, घागरी चढल्या, आणि घरमालकीणबाईंनी वर बघून विचारलं, "मॅडम, तुम्ही पालिकेतल्या लोकांबरोबर जाणार असाल की?" मी म्हणाले, "हो, येतीलच ते न्यायला." ट्रॅक्टर गेला. मी साडी नेसून तयार होते, हे मला आज लिहिताना लाजिरवाणं वाटतं.

दहा वाजेपर्यंत गाव रिकामं झालं. बाजारपेठेत एक दुकान उघडं नाही, चौकात रिक्षा नाही, एसटी आली ती रिकामीच पुढं गेली. संध्याकाळी सगळे परत येतील आणि मी घरातच होते हे कळेल, या भीतीनं मी स्कूटी काढली. जायला ठिकाण नव्हतं, म्हणून हात जिकडं वळले तिकडं गेले. ओढ्यापाशी आले तर माळावर धूर दिसला. वस्तीत कुणी राहत नाही असं लिहून दिलेलं, तिथं चूल पेटलेली.

मी ओढा ओलांडून चढून गेले. एका दाराबाहेर तीन दगडांवर मडकं ठेवून एक म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं, जाड भिंगाचा चष्मा, त्याची एक काडी मोडलेली म्हणून दोरा बांधलेला. बाजूला शेळी आणि तिचं पिल्लू. मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, "जेवलाव का बाई?"

"नाही अजून."

"मग बसा की. येळवशीला कुणी उपाशी फिरतंय व्हय?"

तिला शेत नव्हतं. खालच्या एका शेतकऱ्यानं भाजी आणि शेंगदाणे दिले होते, त्यात तिनं भज्जी केली होती, आणि आंबील होती गाडगंभर. माझ्या ताटात भाकरी घालताना तिनं मोडकी ठेवून सबंध दिली. मी तिला मावशी म्हणाले. माझं बोट भाजलं तेव्हा ती हसली, आणि मला एकदम रडू यायला लागलं. मी ते तिखटावर घातलं.

जेवता जेवता तिनं सांगितलं. दिवाळी झाली की वस्तीतली सगळी माणसं ऊसतोडीला कारखान्यांवर जातात, ती गुढीपाडव्याच्या आगेमागे येतात. पोरंबाळं, बैल, भांडी, सगळं घेऊन. मागं राहते ही एकटी. जाताना प्रत्येक घर आपली किल्ली हिच्याकडं देतं. तिनं आतून एक दोरी आणून दाखवली. दोरीत साठेक किल्ल्या, आणि प्रत्येक किल्लीला त्या घरच्या बाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण चिंधीवरून ती किल्ली ओळखायची. दर अमावास्येला ती एकेक घर उघडून झाडायची, वारा लागू द्यायची. "घर बंद ऱ्हायलं की रुसतंय बाई," ती म्हणाली.

तेव्हा मी मान वर करून नीट पाहिलं. ती अमावास्याच होती. वस्तीतलं एकूण एक दार उघडं होतं. आत उतरंडी, भिंतीला टांगलेले पाळणे, शाळेची दप्तरं, देवाचे फोटो. मेलेली म्हणून मी लिहून दिलेली घरं समोर दारं उघडून बसली होती.

मला माहीत नव्हतं, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण वडिलांच्या वर्गात दिवाळीनंतर निम्मे बाक रिकामे व्हायचे. ते हजेरीपटावर त्या नावांपुढं गैरहजर लिहीत नसत, बारीक अक्षरात 'कारखाना' लिहीत. मी त्याच वर्गात शिकले. या जिल्ह्यात दिवाळीनंतरचं कुलूप म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं. पण घाई होती, आकडा बसत होता, आणि बसणाऱ्या आकड्यावर माणूस लगेच विश्वास ठेवतो.

"तुमी पाण्याच्या बाई नव्हं?" म्हातारीनं विचारलं.

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"तुमास्नी कोन वळखत न्हाय?" ती म्हणाली आणि पाण्याचं बोलायला लागली. ओढ्यात एक हापसा होता. रोज दोन कळशा ती तिथून वर आणायची. खांदा आता उचलत नव्हता. मुलगा म्हणत होता, पुढच्या साली तू पण चल कोपीवर. कोपी म्हणजे कारखान्याजवळच्या फडात ऊसतोडीची माणसं बांधतात ती पाचटाची झोपडी. "तिथं गुडघ्यावर आत जायाचं नि गुडघ्यावर भाईर यायाचं. मला तिथं न्हाय मरायचं बाई. दारात नळ आला तर म्या हितंच ऱ्हाते. कुणाचं काय न्हाय मग." तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "येतोय का वो नळ?"

"येणार मावशी," मी म्हणाले. "तुमच्या दारात येणार."

दुसऱ्या दिवशी मी मुख्याधिकाऱ्यांकडं गेले. वस्ती बंद नाही, लोक हंगामाला गेलेत, असं सांगितलं. तिसऱ्या भेटीचं नाही सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "मॅडम, आराखडा आता परत बोलावला तर सगळंच फिस्कटेल. खर्च वर जाईल, नंबर जाईल. माळ आपण दुसऱ्या टप्प्यात घेऊ."

दुसरा टप्पा म्हणजे काय, हे आमच्या खात्यात सगळ्यांना कळतं. लहान मूल जत्रेत फुगा मागतं तेव्हा आपण म्हणतो, येताना घेऊ. तो हा टप्पा. मी हे कुणालाही तोंडावर सांगितलं असतं. पण तिथं माझी तिखट जीभ टाळ्याला चिकटली, कारण फॉर्मवर सही माझी होती. मी म्हणाले, "बरं."

त्या रविवारी मी माळावर गेले, आणि त्याच्या पुढच्याही. चहापत्ती, साखर, कधी खारे दाणे न्यायची. जाताना ठरवायची, आज सांगायचं. वर पोचले की ती म्हणायची, "आज उशीर केलाव." सेहेचाळिसाव्या वर्षी मला कुणीतरी उशीर का झाला म्हणून विचारत होतं. मग मी बसायची. ती एकेका किल्लीच्या घराची हकीकत सांगायची, कुठली सून कशी, कुणाचं दूध कसं नासतं. मी कचेरीतल्या लोकांच्या नकला करायची आणि ती चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसायची. मी नकला करू शकते, हे मलाही ठाऊक नव्हतं. नळाचं तिनं परत कधी विचारलं नाही. मला वाटायचं, माझ्या शब्दावर तिचा केवढा भरवसा आहे, आणि परत येताना ओढा उतरताना मला स्वतःची लाज वाटायची. पुढच्या रविवारपर्यंत ती ओसरायची.

पाडव्याला माणसं परत आली, वस्ती गजबजली. मी दोनदा गेले, पण तिच्याभोवती सुना, नातवंडं, आणि मला सगळे खुर्ची देऊन लांब बसायचे. माझं जाणं बंद झालं. पावसाळ्यात आराखड्याला तांत्रिक मंजुरी मिळाली. पैसे यायचे होते, पण गावात फलक लागले, आणि माझा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. फोटो आहे माझ्याकडं. नारळ असा धरलाय, जसा कुणी माझ्याकडून काढून घेणार आहे.

परत दिवाळी आली. माळावरची माणसं घेऊन ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघायच्या आदल्या दिवशी म्हातारीचा मुलगा कचेरीत आला. तिशीचा असेल. दारातच उभा राहिला. "मॅडम, तुमीच सांगा आता आईला. कोपीवर चल म्हणलं तर न्हाय म्हणती. मॅडमनी नळाचं सांगितलंय, म्हणती. खरंच येतोय का यंदा?"

त्या वेळी खरं सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. तो घरी जाऊन आईला सांगणार होता आणि ती, रडत का होईना, ट्रॅक्टरवर बसणार होती. मी म्हणाले, "काम सुरू व्हायला थोडा वेळ लागेल. पण मी आहे इथं, बघते मी त्यांच्याकडं." तो नमस्कार करून गेला. माझी नोकरी, माझी सही, ही कारणं होतीच. पण खरं कारण त्याहून साधं होतं. ती गेली असती तर माझे रविवार परत रिकामे झाले असते.

त्या वर्षी येळवशीला घरमालकीणबाईंनी खालून विचारलं, तेव्हा मी म्हणाले, मला जेवायला बोलावलंय. आणि ते खरं होतं.

येळवस होऊन पंधरा दिवस झाले असतील. त्या रविवारी भाचीचा साखरपुडा होता, म्हणून मी पुण्याला गेले. सोमवारी दुपारी कचेरीत आले तर शिपायानं सांगितलं, माळावरची म्हातारी हापशावर घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. काल पडली होती. मेंढरं घेऊन चाललेल्या कुणालातरी आज सकाळी दिसली. पौषातली एक सबंध रात्र ती ओढ्यात पडून होती. तिला धाराशिवला सरकारी दवाखान्यात नेलं होतं आणि मुलगा कारखान्यावरून निघाला होता.

मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं. माळावरची पाहणी मी केली. वस्ती हंगामी स्थलांतरामुळे बंद होती, हे माहीत असूनही मी तशी नोंद केली नाही. तिसरी भेट मी दिलीच नाही. सबब आराखडा दुरुस्त करावा. एवढंच. मुख्याधिकाऱ्यांनी दोनदा वाचलं आणि दार लावून घेतलं. "मॅडम, याचं काय होईल ते कळतंय ना तुम्हाला?" मी म्हणाले, "कळतंय." टपालात टाकला तर कुणीतरी समजुतीनं तो दाबेल, म्हणून दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी स्वतः घेऊन निघाले. तेरखेड्याला फटाक्यांच्या दुकानांच्या पाट्या खिडकीतून मागं गेल्या, त्या वाचत बसले. काय बोलायचं ते ठरवायला हवं होतं, पण डोक्यात काही येईना.

धाराशिवच्या कचेरीत एका वयस्क साहेबांनी पत्र वाचलं, चष्मा काढला. "फॉर्मवर तिसऱ्या भेटीची तारीख आहे की."

"तारीख खरी आहे साहेब. भेट खोटी."

त्यांनी चष्मा परत लावून पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांनी पोच दिली आणि पाणी मागवलं माझ्यासाठी.

पुढचं थोडक्यात सांगते. आराखडा परत आला. निधीचा नंबर दुसऱ्या गावाला गेला. मला नोटीस मिळाली, मग बदली. मधल्या काळात गावाला कळलं. घरमालकीणबाई कधीमधी वाटीभर भाजी पाठवायच्या, ती बंद झाली. बाजारात एका बाईनं मला अडवून म्हटलं, "तुमच्यापायी आमची लेकरं अजून पिंपातलं पाणी पितेत." तिचंही खरं होतं. श्रावणात, सगळी माणसं घरी असताना, दुसऱ्या अभियंत्यानं नवी पाहणी केली. माळ आता आराखड्यात आहे, वेगळ्या टाकीसह. पैसे अजून यायचे आहेत.

पण त्या दिवशी मी पोच पर्समध्ये घातली आणि दवाखान्यात गेले. बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर ती होती. एवढीशी दिसत होती. मुलगा औषधं आणायला गेला होता. तिनं मला ओळखलं आणि हातानं खाटेवर जागा दाखवली.

मी बसले नाही. उभ्यानंच सांगून टाकलं. "मावशी, नळ येणार म्हणाले ते खोटं होतं. तुमची वस्ती कागदावर नव्हतीच. मीच घरं मोजली नाहीत. कुलपं बघितली आणि लिहिलं, इथं कुणी राहत नाही."

ती छताकडं बघत होती. "ठावं हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"सांगंल कोन? म्या हुते की. पयल्या बारीला तुमी आलाव, तवा म्या हापशावर. कळशी घिऊन वर येस्तवर तुमी गेलाव. दुसऱ्या बारीला शेळी व्यायली हुती, म्या मागं गोठ्यात. तिसऱ्या बारीला तुमी वढ्याच्या पल्याडच थांबलाव. गाडीवर बसून लिवत हुताव. म्या दारात हुबारून हात केला. लई येळ केला. तुमी वर बघितलंच न्हाय."

मी खाटेच्या कडेला टेकले. ती म्हणाली, "तवा काय लिवलं ते न्हाय कळलं. येळवशीला उगडी दारं बघून तुमचं त्वांड उतरलं, तवा कळलं. नळ येतोय म्हणलाव, ते बी लटकं हुतं. ते बी कळलं."

"मग मला बोलला का नाहीत मावशी? इतके रविवार मी येत होते."

"बोलले असते तर तुमी फिरून आला नसताव."

"पण मुलाला तर सांगायचं! नळ येणार नाही हे ठाऊक होतं, तर मग मागं का राहिलात? माझ्या शब्दावर राहते, असं का सांगितलंत त्याला?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं मान वळवली. माझं एवढं शिक्षण, आणि मला एवढंही कळू नये, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"मग काय सांगायचं त्याला?" ती म्हणाली. "ऐतवारी तुमी येताव म्हणून ऱ्हाते, असं?"